पिंपळवाडीचा कॉल

“पाय भाईर आल्यात बाई, पण डोकं येत न्हाई,” पिंपळवाडीच्या दूध संस्थेचा सचिव विलास फोनवर सांगत होता. “आक्काताई खोतांची म्हस. सकाळी आठपास्नं कळा देतीया. डॉक्टरला लगीच लावून द्या.”

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

“कितवं वेत?”

“तिसरं. आधीची दोन्ही सुटसुटीत झाल्यात. औंदाच असं झालंय.”

“लिहून घेतलं. येतील डॉक्टर,” मी म्हणाले आणि फोन मानेखाली धरूनच संगणकावर टाईप करायला लागले. गाव, संस्था, मालकाचं नाव, जनावर, तक्रार. तातडीच्या चौकोनात लाल खूण केली. शेवटचा रकाना होता, ‘कोणाकडे’. त्यात मी माझं नाव लिहिलं. ऊर्मिला चौगुले. मग हिरवं बटण दाबलं.

बाळंतपणाच्या रजेवरून येऊन माझा तो दुसरा दिवस होता. पहिला दिवस मी शेजारी बसून नुसती बघत होते. आमचं काम तसं साधं. तालुक्यातल्या दूध संस्थांचे सचिव फोन करायचे, कुणाची म्हैस चारा खात नाही, कुणाची गाय बसलीय ती उठत नाही. आम्ही तो कॉल नोंदवायचा आणि आमच्या दूध संघाच्या तीन डॉक्टरांपैकी जो जवळ असेल तो जायचा. मी रजेवर गेले तोवर त्यासाठी लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर होतं. ते टेबलावर कायम उघडं असायचं. जो नोंद लिहील त्यानं ओळीच्या शेवटी आपलं नाव घालायचं, अशी पद्धत होती. म्हणजे डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं ते कळावं. नाव घालणारा काही म्हशीला सलाईन लावायला जाणार नसे, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी नव्हते तेव्हा ते रजिस्टर कपाटात गेलं आणि संगणक आला. पुण्याहून माणसं येऊन दोन दिवस शिकवून गेली. त्या दोन दिवसांत मी दवाखान्यात एका काचेच्या दाराबाहेर बसले होते. आत शरयूला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून.

मला शिकवलं ते मगदूम आण्णांनी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले इराप्पा मगदूम एका बोटानं टाईप करायचे आणि ते बोट प्रत्येक अक्षरावर आदळायचं.

“सोपं आहे गं पोरी. कॉलला आता टास्क म्हणायचं. रकाने भरायचे, हिरवं बटण दाबायचं. डॉक्टरांच्या मोबाईलवर टास्क जातो. संपला विषय.”

“सगळे रकाने भरायचे?”

“तुला जमतील तेवढे भर. मी गाव, म्हस आणि रोग एवढंच लिहितो. बाकीचे रकाने पुणेवाल्यांच्या हौसेसाठी आहेत.”

“आणि डॉक्टरांना फोन?”

“अज्जिबात नाही! साहेबांनी परिपत्रक काढलंय.” आण्णांनी आवाज खाली आणला. “डॉक्टर ओळखीच्यांकडे आधी जातात म्हणून तक्रारी आल्या होत्या. आता संस्थांनी डॉक्टरला फोन करायचा नाही, आपणही करायचा नाही. नंबरसुद्धा बदललेत. जे काय आहे ते टास्क.”

मी मान हलवली होती. त्या दिवसांत मी पुष्कळ गोष्टींना मान हलवत होते. झोप तुकड्यातुकड्यांनी मिळायची. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, काही विचारलं की मी हो म्हणायचे, आणि काय विचारलं होतं ते नंतर आठवायचा प्रयत्न करायचे. पाळण्यात शरयू रडायला लागली की स्वयंपाकघरातून म्हणायचे, “आले हं, आले.” ती गप्प व्हायची. मी जात असेच असं नाही.

पिंपळवाडीचा कॉल टाकला आणि छाती दुखायला लागली. घरून निघताना शरयूला पाजलं होतं त्याला तीन तास झाले होते. मी पिशवी उचलली. औषधांच्या खोलीत लसींचा फ्रीज होता. त्याच्या आड, मला दूध काढायला बसता यावं म्हणून, एक स्टूल ठेवलं होतं. खोलीची कडी मोडलेली होती, म्हणून आण्णांनी दारावर पुठ्ठा लटकवला होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘साठा मोजणी चालू आहे. आत येऊ नये.’

“किती साठा निघाला?” असं काही त्यांनी कधी विचारलं नाही. पुठ्ठा मात्र रोज बारा वाजता लटकायचा.

मी बाहेर आले तेव्हा आण्णांनी तीन कॉल नोंदवले होते. मी मात्र पिंपळवाडीचा टास्क उघडून बघितला नाही. डॉक्टरांकडे गेला, म्हणजे माझं काम झालं.

एक दहाला विलासचा परत फोन आला.

“डॉक्टर आलं न्हाईत अजून.”

“लावलाय कॉल. येतील.”

“म्हस आडवी पडलीया हो.”

“लावलाय ना. येतील म्हटलं की.”

दोन वीसला तिसरा फोन आला. तेव्हा आण्णा डबा धुवायला गेले होते, दुसऱ्या फोनचीही घंटा वाजत होती आणि माझ्या ब्लाऊजवर पुन्हा ओल पसरत होती. मी विलासला दोन शब्दांत उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

चार वाजता त्यानं केलेला फोन आण्णांनी घेतला. नुसतं “बरं, बरं” म्हणत राहिले. मग फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.

“गेली. रेडकू पोटातच गेलं. म्हसही गेली.”

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं एवढं कळत होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले.

पाच वाजता वडगावे डॉक्टर आले. तिघांत वयानं सगळ्यांत लहान, कंत्राटावर घेतलेले. पिंपळवाडीचा पट्टा त्यांच्याकडे होता. रणनवरे साहेब, आमचे पशुसेवा अधिकारी, खोलीच्या दारातच उभे होते.

“पिंपळवाडीला का गेला नाहीस?”

“पिंपळवाडी? मला पिंपळवाडीचा कॉल नव्हता, सर.”

“नव्हता?”

“नव्हता. हा बघा मोबाईल. सकाळपासून पाच टास्क, पाचही पूर्ण केलेत. पिंपळवाडीचा नाहीच.”

“चौगुले मॅडम, तुमचा स्क्रीन दाखवा.”

मी दाखवला. माझ्या यादीत पिंपळवाडी होती. अकरा चाळीस, लाल खूण, अडलेली म्हैस. सगळं स्पष्ट दिसत होतं.

“हे काय आहे मग?” साहेब म्हणाले. “बाईंनी अकरा चाळीसला टाकलाय. तातडी लिहिलंय. तुझ्या मोबाईलला तेवढाच दिसत नाही होय?”

“सर, शप्पथ सांगतो.”

“मागच्या महिन्यातपण तू शप्पथच घेतली होतीस. आणि सापडलास कुठे, तर क्रिकेटच्या मैदानावर.”

दारात जमलेला कुणीतरी हसला. वडगाव्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मला त्यांचा राग आला होता. त्या दिवसात आलेली तेवढी एकच भावना मला आठवते. वाटलं, खोटं बोलतोय.

“उद्या अकरा वाजेपर्यंत लेखी खुलासा दे,” साहेब म्हणाले. “याच महिन्यात तुझं कंत्राट वाढवायचं आहे, ते ध्यानात ठेव. वाढवायचं का नाही, ते आता मी ठरवणार नाही. तुझा खुलासा ठरवेल.”

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच पोचले. आण्णा उदबत्ती लावत होते. माझा संगणक चालू व्हायला वेळ लागत होता म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या यादीत कालचे सगळे कॉल होते. आण्णांनी टाकलेले, सकाळच्या पाळीतल्या माणसानं टाकलेले, पूर्ण झालेले, राहिलेले. पिंपळवाडी नव्हती.

मी वरून खाली बघितलं. खालून वर बघितलं.

“आण्णा, पिंपळवाडी कुठाय?”

“असेल की. नीट बघ.”

“नाहीय.”

त्यांनी चष्मा लावला, बोट स्क्रीनला टेकवून एकेक ओळ वाचली. “खरंच की. कुणी पुसला?”

तोवर माझा संगणक सुरू झाला होता. मी माझ्या खुर्चीत जाऊन बघितलं. माझ्या यादीत पिंपळवाडी होती. माझ्या नावाच्या यादीत पिंपळवाडी एवढंच होतं. दुपारचे बाकीचे फोन मी कागदावर उतरून आण्णांकडे टाकायला दिले होते.

भिंतीवर पुण्याच्या कंपनीचा मदतीचा नंबर चिकटवलेला होता. मी लावला. एका मुलीनं उचलला. नाव मधुरा म्हणाली. आवाज कोवळा होता, पण बोलत होती ती शिक्षिकेसारखी.

“मॅडम, ‘कोणाकडे’ या रकान्यात काही लिहिलंय का?”

“माझं नाव.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही. मी कॉल नोंदवते.”

“अच्छा. कसं असतं सांगू का, टास्क म्हणजे एक चिठ्ठी समजा. नाव नसेल तर ती चिठ्ठी फळ्यावर लावलेली असते. सगळ्यांना दिसते, कुणीही येऊन घेऊ शकतं. त्यावर कुणाचं नाव लिहिलं, की ती फळ्यावरून निघते आणि त्या माणसाच्या खिशात जाते. मग बाकीच्यांना ती दिसत नाही. दोन माणसं एकाच कामाला जाऊ नयेत म्हणून तसं केलंय.”

“म्हणजे डॉक्टरांना दिसलाच नाही?”

“नाही. तुम्ही ते काम स्वतःकडे घेतलं होतं, मॅडम. तुम्ही ते सोडलं असतंत तर पुन्हा सगळ्यांना दिसलं असतं. अजून सोडता येईल. सोडू का इथून?”

“नको,” मी म्हणाले. “आता नको.”

फोन ठेवल्यावर मी बसून राहिले. आण्णांनी काय झालं विचारलं, तेव्हा मी एका दमात सांगितलं. ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. बराच वेळ टेबलावरच्या पिनांची डबी बंद-उघड करत राहिले.

“मला हे शिकवलं असणार गं त्यांनी,” शेवटी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतरचं ते सत्र होतं. मला डुलकी लागली होती.”

“मी नाव घातलं, आण्णा. तुम्ही नाही.”

“मी आळशी म्हणून घालत नाही. मला कुठे ठाऊक होतं?” मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दहा चाळीस. “हे आत्ता तुला, मला आणि त्या पुण्याच्या पोरीला माहीत आहे. काय करणार आहेस?”

ते भीती घालत नव्हते. खरंच विचारत होते. माझीही नोकरी कायम नव्हती. आणि साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर वडगावे बसले होते. मांडीवर कोरा कागद होता, पेन उघडं, आणि लिहिलं काहीच नव्हतं. काय लिहिणार?

मी उठले. धैर्य वगैरे काही नव्हतं. भीतीसुद्धा वाटत नव्हती, म्हणून उठता आलं.

रणनवरे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वडगाव्यांना आत बोलावलं, आण्णांनाही. मला वाटलं होतं साहेब ओरडतील. ते हळूहळू खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचा चेहरा मोकळा होत गेला.

“म्हणजे वडगावेला तो टास्क दिसलाच नाही.”

“नाही, सर.”

“आणि हे सॉफ्टवेअर बाईंना विचारतपण नाही, की तुम्ही डॉक्टर आहात का? कुणीही नाव टाकावं आणि कॉल गडप व्हावा?”

“हो, सर.”

“मग यात आपल्या माणसांची चूक कुठे आली?” साहेब म्हणाले. “चूक सॉफ्टवेअरची. संगणक प्रणालीतील त्रुटीमुळे. मगदूम, लिहून घ्या. संगणक प्रणालीतील त्रुटीमुळे सदर कॉल संबंधित डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकला नाही. आणि आजच परिपत्रक काढा, ‘कोणाकडे’ हा रकाना रिकामा ठेवावा.”

“मी म्हणतच होतो साहेब, जास्त भरू नये,” आण्णा म्हणाले.

साहेब हसले. वडगावेही हसले, डोळे पुसत हसले. मीपण हसले. चहा मागवला गेला. दहा मिनिटांत सगळं मिटलं. वडगाव्यांची नोकरी राहिली, माझी राहिली, आणि चूक पुण्याला गेली.

चहानंतर वडगावे बाहेर नळावर कप धूत होते. मी माझा कप धुवायला गेले.

“काल दोन वाजता मी पिंपळवाडीच्या फाट्यावर होतो,” ते म्हणाले. “उसाचा रस पीत. कॉल नव्हता, म्हणून निवांत दोन ग्लास घेतले. तिथनं आक्काताईंचं घर पाच मिनिटांवर आहे.”

मी कप विसळत राहिले.

“संस्थेतनं परत फोन नव्हता आला?”

“दोनदा आला.”

“काय सांगितलंत?”

“येतील म्हटलं.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. तुम्हाला काय माहीत.”

पहिल्या वेळी मी तेच म्हणाले होते. दुसऱ्या वेळचं मी त्यांना सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं नव्हतं, आण्णांनाही नाही. कुणी विचारलंच नव्हतं. टास्कमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

दोन दिवस गेले. मी कॉल घेत होते, ‘कोणाकडे’ रिकामं ठेवत होते, बारा वाजता पुठ्ठ्यामागे जाऊन बसत होते. घरी शरयूच्या अंगाला तेल लावताना माझे हात चालत असत आणि मी तिथे नसे. अभयनं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं, “ऑफिसात काही झालंय का?” मी म्हणाले, “एक म्हैस गेली.” तो म्हणाला, “अरेरे.” आणि खरंच, त्यावर दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी वडगावे पिंपळवाडीच्या बाजूच्या कॉलवर निघाले होते. मी आण्णांना सांगितलं, तास-दीड तास सांभाळा, आणि डॉक्टरांच्या मोटरसायकलवर मागे बसले.

“मी आत येणार नाही,” दूध संस्थेपाशी गाडी थांबवून ते म्हणाले. “मला त्या बाईंच्या तोंडाकडे बघवणार नाही. कॉल उरकून येतो, इथंच थांबा तुम्ही.”

आक्काताई खोत अंगणात शेणी थापत होत्या. पन्नाशीपुढच्या, उंच, हाडापेराच्या. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर होता, घरात त्या एकट्याच. मागे गोठा होता. झाडून, धुऊन स्वच्छ केलेला. खुंट्याला दावं तसंच बांधलेलं होतं. ज्या शेणाच्या शेणी त्या थापत होत्या ते कुणाचं, हे मला उशिरा कळलं. दुसरं जनावरच नव्हतं घरात.

“कोण गं तू?”

“संघातून आलेय. कॉल घेते मी तिथं. त्या दिवशी फोनवर मीच होते.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर माझ्या छातीपाशी थांबली.

“ल्हान हाय वाटतं घरात?”

“मुलगी. सात महिन्यांची.”

“अंगावर पिती?”

“हो.”

“मग एवढ्या उनाचं कशाला आलीस? बस तिथं सावलीला.”

मी पायरीवर बसले. रकान्याचं सांगितलं, नावाचं सांगितलं, चिठ्ठी आणि खिसा सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि थापत होत्या. प्रत्येक शेणीवर पाच बोटं उमटत होती.

“मला त्यातलं काय कळत न्हाई बाई. विलास म्हनला, मशीन बिघडलंतं. बिघडलंतं तर बिघडलं. मानसं बिघडत्यात, ते तर मशीन हाय.”

इथेच उठता आलं असतं. त्यांनी मला सोडलंच होतं.

“दुपारी दोन वीसला विलासचा फोन आला होता,” मी म्हणाले.

“व्हय. मीच त्याला पळवलंतं फोनाला.”

“तेव्हा मी सांगितलं, डॉक्टर निघालेत.”

“व्हय. तसंच म्हनला त्यो. निघाल्यात.”

“ते निघाले नव्हते, आक्काताई. मी कुणाला विचारलं नव्हतं.”

त्यांचा हात शेणीवर तसाच राहिला.

“मग कशावरनं म्हनलीस?”

“कशावरनंच नाही. दुसरा फोन वाजत होता. हा ठेवायचा होता. निघालेत म्हटलं की माणूस फोन ठेवतो.”

समोरच्या शेणीवरून आक्काताईंनी हात उचलला. बादलीत कोपरापर्यंत दोन्ही हात बुडवले, चोळून चोळून धुतले, पदराला पुसले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “चल माज्यासंगं.”

त्या पुढे आणि मी मागे, अशा आम्ही बोळातून चाललो. चालताचालता, मागे न बघता, त्या बोलत होत्या. गावात तुका आप्पा म्हणून एक जण आहे. डॉक्टर नव्हते तेव्हापासून अडलेली जनावरं तोच सोडवतो. हात घालून रेडकू फिरवतो आणि काढतो. दोन वाजता, डॉक्टर येत नाही असं बघून, आक्काताईंनी त्याला बोलावलं होतं. तो आला, साबण लावून हात आत घातला. तेवढ्यात विलास पळत आला, डॉक्टर निघाल्यात म्हणून सांगत.

“गावठी हात लागलाय असं कळलं की डॉक्टर लोक चिडत्यात,” आक्काताई म्हणाल्या. “मागं एकानं हातमोजं काढून ठेवलंतं आनि तसाच माघारी गेलता. म्हनून मीच आप्पाला म्हनलं, काढ हात, धू, आनि जा घरला. त्यानं माज्याकडं असं बघितलं. त्या दिसापास्नं माज्या दारात पाय न्हाई ठेवला त्यानं.”

मला तेव्हा कळलं की म्हशीचा टास्क मी दोनदा कुणाच्या तरी हातातून काढून घेतला होता. एकदा नाव लिहून आणि एकदा दोन शब्द बोलून. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी मी न विचारता बोलतेय, हे माहीत होतं.

तुका आप्पा घराच्या कट्ट्यावर वाखाची दोरी वळत बसला होता. सत्तरीचा असेल. हात मात्र तरण्या माणसाचे, लांब आणि सडपातळ.

“आप्पा, ही बाई काय सांगती ऐक,” आक्काताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “मोठ्यानं सांग. त्याला कमी ऐकू येतंय.”

मी सांगितलं. तो कानाला हात लावून म्हणाला, “आं?”

मग मी ओरडून सांगितलं. “डॉक्टर निघाले नव्हते! मला ठाऊक नव्हतं! मी नुसतंच म्हणाले!” बोळाच्या तोंडाशी नळावर तीन बायका होत्या, त्या घागरी सोडून वळल्या. माझं ते वाक्य सगळ्या आळीनं ऐकलं.

तुका आप्पानं वाख खाली ठेवला.

“म्हंजे डॉक्टर येनारच नव्हता?”

“नाही!”

“मग मी काढलं असतं की.” तो माझ्याशी बोलतच नव्हता, आक्काताईंकडे बघून बोलत होता. “नुसती मान मागं वळलीती. धा मिंटाचं काम. मला वाटलं, माज्या हातावर तुजा इस्वास उरला न्हाई.”

“इस्वास नसता तर बोलावलं असतं का तुला?” आक्काताईंचा आवाज पहिल्यांदा हलला. “ही म्हनली निघाल्यात. म्हनून तुला घालवला.”

“जित्तं हुतं गं ते.”

“आं?”

आता न ऐकू येण्याची पाळी आक्काताईंची होती.

“जित्तं हुतं. बगाय बोट घातलं तोंडात, तर चोखलं त्यानं. चांगलं वढून चोखलं.”

“हे तू मला बोलला न्हाईस.”

“काय बोलू? डॉक्टर येनार म्हनलीस. म्हनलं, त्यो काढंल.”

आक्काताई कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसल्या. दोघंही समोर बघत होती. कुणी मला जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. थोड्या वेळानं तुका आप्पा उठून आत गेला आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी ते सगळं प्यायले. नळावरच्या बायका अजून बघत होत्या.

संस्थेपाशी वडगावे थांबले होते. “काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं.

“मी सांगितलं त्यांना,” मी म्हणाले. रस्त्यात कधीतरी मी ते दोन वीसचं त्यांनाही सांगितलं, वाऱ्यात, त्यांच्या पाठीमागून. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण गाडी हळू झाली आणि फाट्यापर्यंत तशीच हळू राहिली.

याला आता सहा वर्षं झाली. शरयू पहिलीत जाते. शाळेची रिक्षा गेली की तिच्याच वहीच्या मागच्या पानांवर मी हे लिहिते. पिंपळवाडीहून आले त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती आईंच्या मांडीवर भुकेनं किरकिरत होती. मी हात धुतले, तिला घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसले. पदर घेतला, पण लगेच पाजलं नाही. आधी माझं बोट तिच्या तोंडात दिलं.

तिनं डोळे मिटले आणि ओढलं. एवढा जोर असतो त्या जिभेला, हे मला सात महिन्यांत कळलं नव्हतं. बोटातून काहीच येत नव्हतं. ती ओढत राहिली. येईल म्हणून ओढत राहिली, आणि किती तरी वेळ थांबली नाही.